दिगूअण्णा फोनवर सांगत नाहीत

आमच्या गल्लीत कुणाला "नाही" म्हणायचं असलं, की दिगूअण्णांना बोलावतात.

हे मी गमतीने लिहीत नाही. बीदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीत आणि आसपास मुलगी बघायचा कार्यक्रम झाला, की पाहुणे निघताना "कळवतो" म्हणतात. ज्यांना पसंत असतं ते संध्याकाळपर्यंत कळवतात. ज्यांना पसंत नसतं ते कधीच कळवत नाहीत. समोरच्यांनी वाट बघून बघून आपलं आपण समजून घ्यायचं, अशी रीत आहे. ही रीत दिगूअण्णांना मान्य नाही.

"कळवतो म्हनलं की कळवावं," ते म्हणतात. "ती मानसं फोनकडं बघत बसत्यात. दारात कुनाच्या चपला वाजल्या की लेकीची आई उठती. असं कुनाला टांगून ठेवायचं न्हाई."

मग फोन करून सांगून टाका, असं कुणी म्हटलं तर ते मान जोरजोरात हलवतात. त्यांच्याकडे फोन आहे. त्यावर ते गजर लावतात, बहिणीला "उशीर व्हायलाय" एवढं सांगतात. पण वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. "त्येला आपलं तोंड दिसावं, आपल्याला त्येचं. तोंड न बघता सांगनं म्हंजे दगड मारून पळून जानं."

म्हणून ते बसने जातात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेला एक पिशवी, पिशवीत पाण्याची रिकामी बाटली. जाण्यायेण्याचं तिकीट पाठवणाऱ्याने काढून द्यायचं, एवढीच त्यांची अट. कामाची पद्धतही ठरलेली आहे. घरात गेलं की आधी पाणी मागायचं, कारण बातमी ऐकल्यावर घरचे लोक पाणी विचारायचं विसरतात आणि परत उन्हात चालायचं असतं. पाणी पिऊन, बाटली भरून झाली की पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. त्याआधी पोह्यांची बशी समोर आली तर तिला हात लावायचा नाही. "आधी खाऊन मग न्हाई म्हननं ही चोरी हाय." सांगितल्यावरही बशी समोर राहिली, तर मात्र शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खायची.

यामुळे अण्णांच्या ओळखी पुष्कळ वाढल्या. उदगीरकडच्या एका घराने नकार ऐकून घेऊन त्यांना मुरमुऱ्यांचा सुसला खायला घातला आणि येताना शिदोरी बांधून दिली. दुसऱ्या एका घराने कुत्रं सोडलं. त्या घराबद्दलही ते आदराने बोलतात. "त्येंचा राग बरोबर होता," ते म्हणतात. "कुत्र्याचा बी."

एकदा मात्र घोळ झाला. औरादच्या बाजूला एक गाव आहे. तिथे "बिरादार" म्हणून हाक मारली तर निम्मं गाव "ओ" देतं. अण्णांना ज्या बिरादारांकडे जायचं होतं ते सोडून ते दुसऱ्याच बिरादारांच्या ओसरीवर जाऊन बसले. पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या मुलात वाईट काय न्हाई, पन मुलीकडच्यांना जमत न्हाई. मनाला लावून घेऊ नका."

त्या घरातल्या मुलाचं लग्न होऊन पोरं शाळेत जात होती. त्याची बायको चुलीपुढून उलथनं घेऊनच बाहेर आली.

"कोन मुलगी?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला काय म्हाईत?"

"म्हाईत न्हाई? तुमी विचारल्याबिगर कोन कामून न्हाई म्हनंल?"

अण्णा सांगतात की तिचं बोलणं तर्काला धरून होतं, त्यामुळे तिला उत्तर देता येईना. शेवटी खऱ्या बिरादारांना त्या ओसरीवर बोलावून आणावं लागलं. त्यांना नकार सगळ्या गल्लीसमोर ऐकावा लागला, आणि तो ऐकून फक्त ती बाई खूश झाली. तेव्हापासून अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी "घरात लग्नाचं कोन हाय?" असं विचारून घेतात, आणि मगच पाणी मागतात.

अण्णा आमच्या समोरच्या घरात राहतात. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण कमळाक्का, एवढीच माणसं. अक्का त्यांना "दिग्या" म्हणतात. सोयाबीन आणि तुरीच्या दिवसांत अण्णा बाजारात एका अडतीवर पोती मोजून घ्यायचं काम करतात. बाकीच्या दिवसांत लोकांचे नकार पोचवतात.

त्यांच्या बोलण्यात "मॅनेजमेंट" हा शब्द फार येतो. लाईट गेली, तर मॅनेजमेंटचा निर्णय. बीदरची बस रद्द झाली, तर मॅनेजमेंटचा निर्णय. अक्कांनी सलग वांग्याची भाजी केली, तर ते ताटाकडे बघून शांतपणे म्हणतात, "मॅनेजमेंटचा निर्णय हाय. आपन काय बोलनार?"

"तुझ्या मॅनेजमेंटच्या..." म्हणून अक्का थांबतात, कारण बहुतेक वेळा मी तिथे बसलेली असते.

हा शब्द त्यांनी बेंगळुरूहून आणला. तिथे ते इमारती बांधणाऱ्या एका मालकाच्या ऑफिसात कामाला होते. मालकांना हौस आली आणि त्यांनी एक फुटबॉल क्लब विकत घेतला. तो अगदी वरच्या लीगमधला नव्हता, त्याच्या खालच्या लीगमधला होता, पण खेळाडू पगारी होते. मालकांनी ऑफिसात येऊन विचारलं, "इथे रेल्वेची तिकिटं कुणाला नीट काढता येतात?" अण्णांनी हात वर केला आणि ते टीम मॅनेजर झाले.

इतकी वर्षं फुटबॉलमध्ये काढूनही ऑफसाइड म्हणजे काय हे अण्णांना सांगता येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्ये कोचचं खातं. माझं खातं जेवन, झोप, तिकीट आनि कपडे." सामना चालू असताना ते बहुतेक वेळ आभाळाकडे बघत असत. पाऊस आला तर जर्सी कुठे वाळत घालायच्या, ही त्यांची काळजी. गोल झाला की शेजारचा उठायचा, म्हणून तेही उठायचे.

असे हे अण्णा निरोप घेऊन लातूरला जातात, उदगीरला जातात, चिटगुप्प्याला जातात. फक्त एका गावाला जात नाहीत. ते म्हणजे कमठाणा. कमठाणा बीदरच्या थोडंसं पुढे आहे. भालकीहून सकाळी निघालं तर जेवणाच्या आत पोचता येतं. मागे गल्लीतल्या एकाने तिथला नकार सांगून यायची विनंती केली, तर अण्णा म्हणाले, "कमठान्याचं सोडून काय बी सांगा."

"कामून?"

"तिथं मी आधीच एक सांगून बसलोय."

याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला, आणि तोही कॉलेजच्या कामामुळे. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या मॅडमनी प्रकल्प दिला होता: लॉकडाऊनचा एखाद्या व्यवसायावर झालेला परिणाम. वर्गातल्या बहुतेकांनी किराणा, भाजी, रिक्षा हे विषय घेतले. मी पगारी फुटबॉल घेतला, कारण त्यातला माणूस समोरच राहत होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्प कसा करतात हे विचारायला कुणी नव्हतं. मी पुस्तकातून शब्द काढून प्रश्न तयार केले आणि अण्णांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"क्लबच्या उत्पन्नाचे मुख्य स्रोत कोणते होते?" मी विचारलं.

"प्लायवूड," अण्णा म्हणाले.

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. पण त्यांना कळला होता. खेळाडूंच्या छातीवर आणि गोलच्या मागच्या पाटीवर एका प्लायवूडच्या व्यापाऱ्याचं नाव होतं. त्याबद्दल तो जे देत असे, त्यावर निम्मा क्लब चालायचा. उरलेला निम्मा मालकाच्या खिशातून.

"आणि प्रेक्षकांच्या तिकिटांमधून?"

"त्येच्यातनं लिंबं यायची."

"लिंबं?"

"मधल्या सुट्टीत पोरांना सरबत लागायचं की."

मग लॉकडाऊन आला. लीग अर्ध्यात थांबली. मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. "मैदानात कुत्रं बी न्हाई, तर पाटी कुनाला दावायची?" अण्णा म्हणाले. प्लायवूडवाल्याने हात आखडला. तिकडे मालकाच्या इमारतींवरचे मजूर आपापल्या गावाकडे चालत निघाले आणि फ्लॅट अर्धे राहिले. "फ्लॅट न्हाई तर प्लायवूड कुनाला लागतंय? म्हंजे आमाला वाटायचं आमी दोन खांबांवर उभे हाव. दोन्ही खांब एकाच भिंतीचे होते, ह्ये भिंत पडल्यावर कळलं." हे वाक्य मी जसंच्या तसं प्रकल्पात घातलं आणि मॅडमनी त्याखाली रेघ ओढली.

मोठ्या क्लबांचे सामने पुढे रिकाम्या मैदानात सुरू झाले. त्यांना टीव्हीचे पैसे मिळत होते, त्यामुळे प्रेक्षक नसले तरी त्यांचं भागायचं. अण्णांच्या क्लबचे सामने कुठल्या टीव्हीवर दिसत नसत. मोबाईलवर दाखवायचे, आणि ते बघणारे म्हणजे खेळाडूंचे आईवडीलच. पगार आधी पूर्ण आला, मग अर्धा, मग "थोडं थांबा" असा निरोप. जर्सी धुणारा, बसवाला, गवत कापणारा यांना तर निरोपही गेला नाही. घानाहून आलेला एक खेळाडू विमानं बंद झाल्यामुळे हॉस्टेलमध्येच अडकला. स्वयंपाकी पळाला होता. अण्णांनी त्या खेळाडूला पिठलं करायला शिकवलं आणि त्याने अण्णांना त्याच्या देशातल्या आमटीत किती मिरची घालतात ते दाखवलं. "त्या मिरचीनं मी रडायलो," अण्णा म्हणाले. "त्येला वाटलं मी क्लबासाठी रडायलोय. त्येनं मला जवळ घेतलं. मग मी बी तसंच राहू दिलं."

एवढं सांगून ते हसले, आणि मग बराच वेळ पायरीवरची माती नखाने उकरत राहिले.

"मग पत्रं निघाली," ते म्हणाले. "मालक म्हनले, पत्र ईमेलनं जाईल, पन आधी तू फोन कर. तुझ्या बोलन्यात गोडी हाय. वाक्य त्येंनीच दिलं. मॅनेजमेंटचा निर्णय झालाय, करार पुढं चालवता येत न्हाई."

एका दुपारी, रिकाम्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसून, अण्णांनी सगळ्या खेळाडूंना फोन लावले. एकाला वाटलं अण्णा थट्टा करतायत. तो हसत सुटला आणि त्याचं हसणं थांबेपर्यंत अण्णांना थांबावं लागलं. एकाने फक्त हॉस्टेलवर राहिलेल्या बुटांची चौकशी केली. आणि एक कमठाण्याचा होता.

त्याचं नाव सिद्धाराम. त्याला क्लबमध्ये अण्णांनीच नेलं होतं. सुट्टीला गावी आले असताना बीदरच्या मैदानावर शाळेची मुलं खेळत होती, तिथे ते सावलीला उभे राहिले. एका मुलाला मधेच बाहेर काढलं. बाकीची मुलं जर्सी फेकून देत होती. या मुलाने अंगातली जर्सी काढली, झटकली, नीट घडी घातली आणि मग परत केली. अण्णांनी तेवढ्यावर त्याची निवड केली. कोचने त्याला डाव्या पायाने चेंडू नेत पळताना बघितलं आणि अण्णांना खेळ कळतो असा त्यांचा गैरसमज झाला. सिद्धूच्या वडिलांनी बीदर स्टेशनवर पोराला अण्णांच्या हवाली केलं, तेव्हा "ह्येची नोकरी आता पक्की समजा" असं अण्णा बोलून गेले होते. ते वडील आता नाहीत.

"कमठान्याला त्या दिवशी रेंज न्हवती," अण्णा म्हणाले. "मी वाक्य बोललो. त्यो म्हनला, सर, ऐकू येईना. परत बोललो. परत म्हनला, ऐकू येईना. मग मी उठून हुबा राहिलो आनि ओरडलो. सिद्धू, तुला काढलंय! क्लबातनं काढलंय! मैदान रिकामं, माझाच आवाज फिरून माझ्याकडं आला. मग त्यो म्हनला, आता आलं सर, आलं ऐकू."

कागदावर पुढचा प्रश्न होता, "यातून आपण कोणता धडा घेतला?" तो मी विचारला नाही. मॅडमनी प्रकल्पावर शेरा दिला, "विश्लेषण चांगले. लिंबे काढून टाकावीत."

लॉकडाऊन उठून गाड्या सुरू झाल्यावर अण्णांनी एक विचित्र काम सुरू केलं. अडतीचा हंगाम संपला की ते भाकरी बांधून घेत आणि एकेका खेळाडूच्या गावी जात. तिथे जाऊन, समोर बसून, तेच वाक्य परत सांगत. केरळात त्यांचा गोलकीपर आता बेकरी चालवतो. तो म्हणाला, "सर, हे तुम्ही मागेच सांगितलं होतं." अण्णा म्हणाले, "सांगितलं होतं, पन नीट सांगितलं न्हवतं." त्याने पावाच्या लाद्या बाजूला सारून त्यांना बसवून घेतलं. गोव्यातला एकजण दुसऱ्या क्लबात लागला होता. अण्णांनी "तुझा करार पुढं चालवता येत न्हाई" म्हटल्याबरोबर त्याला घाम फुटला आणि त्याने तिथल्या तिथे नव्या क्लबला फोन लावला. मिझोरामला तर अण्णा रेल्वे, मग जीप, मग पायी असं करत पोचले. तिथल्या खेळाडूने त्यांना गावच्या सभेत पाहुणे म्हणून बसवलं. भाषण करा म्हणाले. अण्णांना तिथली भाषा येत नव्हती, आणि सांगण्यासारखं एकच वाक्य होतं.

मिझोरामला जाऊन आले, पण कमठाण्याला गेले नाहीत. मी एकदा धीर करून कारण विचारलं.

"लांब हाय," ते म्हणाले.

या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या माणिकरावांच्या अर्चनाला स्थळ आलं. अर्चना माझी मैत्रीण, माणिकराव तालुक्याच्या ऑफिसात कारकून. बघण्याचा कार्यक्रम अर्चनाच्या मावशीकडे बीदरला झाला. दोन दिवसांनी माणिकराव अण्णांच्या ओसरीवर आले. मी अक्कांना मटार सोलायला मदत करत होते.

"दिगूअण्णा, एक नकार हाय. पोरगा तसा चांगला हाय, पन पक्कं काय न्हाई. बीदरला शाळेत पीटी शिकवतो, सुट्टीत पगार बंद. आधी बेंगळुरूला फुटबॉल खेळायचा म्हनं. त्ये बी बंद पडलं."

अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला. "गाव कंचं?"

"कमठाना."

अक्कांचे मटार सोलणारे हात थांबले. अण्णांनी कप आणखी दूर सरकवला. मग म्हणाले, "दुसरं कुनी बघा, माणिकराव. त्येला एकदा मीच न्हाई म्हनलोय. परत मीच कसं जाऊ?"

"असं म्हनता?" माणिकराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी सरळ मनाने चष्मा लावला आणि खिशातून फोन काढला. "मग मी आत्ताच फोन करून टाकतो. त्यात काय हाय?"

त्यांनी नंबर शोधायला सुरुवात केली. अण्णा उठले, ओसरी ओलांडून आले आणि त्यांनी माणिकरावांच्या फोनवर आपला पंजा ठेवला.

"नका," ते म्हणाले. "जातो मी."

"रेणू, तू जा संगं," अक्का मला म्हणाल्या. "तुझं कॉलेज तिकडंच हाय. ह्यो दिग्या अर्ध्या वाटंतनं माघारी यील."

अक्कांचा अंदाज बरोबर होता. बीदरच्या स्टँडवर आम्ही उतरलो तेव्हा कमठाण्याची बस लागलेलीच होती. "ही लई भरलीय," अण्णा म्हणाले. पुढची आली. "ही लई रिकामी हाय. मधीच बंद पडंल." मग त्यांना चहा हवासा वाटला. मोठ्यांना कसं बोलावं ते मला समजत नव्हतं. पण त्यानंतरच्या बसमध्ये मी आधी चढून त्यांच्यासाठी जागा धरली, आणि मग त्यांना यावंच लागलं.

घर शोधायला वेळ लागला नाही. दारात एक बाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. "बर्री अण्णा, कूडरी," त्यांनी कन्नडमध्ये बसायला सांगितलं. अण्णा बसले आणि सवयीने त्यांनी विचारलं, "घरात लग्नाचं कोन हाय?"

बाईंनी सूप खाली ठेवलं. "तुमी क्लबातले अण्णा नव्हं?" आता त्या मराठीत बोलल्या.

"आपली कधी गाठ पडली न्हाई. तुमी कसं वळखलं?"

"आवाज," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फोनचा स्पीकर चालू होता."

अण्णा पाणी मागायचं विसरले. बाईंनी आपणहून तांब्या आणून ठेवला, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात सिद्धाराम आला. गळ्यात शिट्टी, पायात धुळीने भरलेले बूट. "सर!" म्हणून तो वाकला, आणि अण्णा घाईघाईने उठून उभे राहिले.

"सिद्धू, अर्चनाच्या घरच्यांचं जमत न्हाई," ते म्हणाले. "तुझ्यात काय कमी न्हाई."

सिद्धाराम त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं. "सर, भालकीत दुसरं कुनी मानूस न्हाई का? माझ्या दोन्ही येळेला तुमीच?"

"आनि दुसरं सांगायचंय," अण्णा बसले नाहीत. शाळेत उत्तर म्हणायला उभा राहिलेला मुलगा जसा हात सरळ ठेवतो तसे त्यांनी ठेवले होते. "तुझा करार पुढं चालवता आला न्हाई. ह्ये मी तुला ओरडून सांगितलं. घरात तुझी आई बसलेली असताना. तुझ्या बापाला मी शब्द दिला होता. असं सांगायचं नसतं. तुला ऐकू येईना म्हनून ओरडलो, पन असं सांगायचं नसतं."

सिद्धारामने गळ्यातली शिट्टी काढली आणि खुंटीला अडकवली. त्याला परत आमच्याकडे तोंड करायला वेळ लागला.

"सर, मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, ऐकू न्हाई आलं म्हनलं की तुमी बदलून सांगाल."

सुपातल्या तुरीवर एक कोंबडी आली. बाईंनी तिला हाकललं नाही. अण्णा हळूच खाली बसले. थोड्या वेळाने बाईंनीच विचारलं, "आनि तुमाला? तुमची बी नोकरी तिथंच होती की. तुमाला कुनी सांगितलं?"

"मला?" अण्णांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता, प्रकल्पातसुद्धा. "मला कुनी न्हाई सांगितलं. फोन करनारा मीच होतो न. माझं नाव यादीत न्हवतं. मी जात राहिलो ऑफिसात. एके दिवशी किल्ली लागंना. कुलूप बदललं होतं. मला वाटलं चुकून बदललं असंल, कळवतील. मग गावाकडं आलो." ते थोडं हसले. "कळवतील म्हनून फोन चालू ठिवतो."

बाईंनी मुलाकडे बघितलं. सिद्धारामने कोपऱ्यातला पाट ओढला आणि अण्णांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ तो बसला. त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"दिगंबर सर," तो सावकाश म्हणाला, "क्लब बंद झालाय. तुमची नोकरी संपली. तुमी काम चांगलं केलं."

बाहेर बीदरची बस येऊन थांबली आणि भोंगा वाजवायला लागली. मी अण्णांकडे बघितलं, ते उठतील म्हणून. ते उठले नाहीत. बस निघून गेली.

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"आजपासून," सिद्धाराम म्हणाला.